इंग्लंडमधलं व्यापाऱ्याचं जुनं घर आणि सांगलीचा पेढीचा वाडा: शेजारी शेजारी मांडताना काय बघायचं?

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागात 'व्यापाऱ्याचं घर' या विषयावर एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरतंय. दोन फलक शेजारी शेजारी लागतील. एकावर सांगलीतला पेढीचा वाडा, दुसऱ्यावर इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन बंदरातलं फ्रेंच स्ट्रीटवरचं ५८ नंबरचं घर. हे घर जॉन फॉर्टिन नावाच्या व्यापाऱ्यानं १२९० च्या सुमारास बांधलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात मोडतोड झाली तेव्हा आतलं मूळ बांधकाम उघडं पडलं, आणि १९८० च्या दशकात ते जुन्या रूपात उभं केलं गेलं. आता ते लोकांना पाहायला खुलं आहे.

आपला वाडा रस्त्याकडून २२ फूट रुंद आणि मागं ७४ फूट खोल आहे. पुढं ओटा आणि पेढी, मग चौक, मग माजघर, शेवटी स्वयंपाकघर आणि परस. माडी फक्त पुढच्या भागावर आहे. भिंती खाली दगडाच्या आणि वर भेंड्यांच्या (न भाजलेल्या मातीच्या विटांच्या), आतला सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर.

विचारायचं ते असं. १:५० प्रमाणात दोन्ही घरांची रेखाटनं करायची आहेत, तर सुरुवात कशापासून करावी? साउथहॅम्प्टनच्या घरातला 'हॉल' म्हणजे आपला चौक समजायचा का? लाकडी सांध्याचा एक हाताळता येईल असा नमुना ठेवायचा आहे, त्याची मापं कुणी देईल का? आणि चौथं, वाडा २०१९ च्या पुरात भिजलेला आहे. पुढच्या भिंतीचा गिलावा खालून सुटतोय, त्याबद्दलही जाणकारांनी सांगावं.

ओळंबा

आराखडा नंतर. आधी उभा छेद काढा, म्हणजे घर वरून खाली कापलं तर आत जे दिसेल त्याचं चित्र.

व्यापाऱ्याचं घर मालाच्या सोयीनं बांधलेलं असतं. माल कुठून आत आला, कुठं टिकवला, गिऱ्हाईक कुठवर आलं आणि घरची माणसं कुठून पुढं वेगळी राहिली, या चार गोष्टी छेदात एका नजरेत दिसतात. आराखड्यात त्या वेगवेगळ्या मजल्यांच्या कागदांवर विखुरतात आणि बघणाऱ्याला नुसत्या खोल्या दिसतात.

फॉर्टिनचा व्यापार बोर्दोशी होता. बोर्दो ज्या गॅस्कनी प्रांतात येतं तो त्या काळी इंग्लंडच्या राजाकडेच होता, त्यामुळं तिथली वाईन साउथहॅम्प्टनला जहाजांनी यायची. ती बाटल्यांत नव्हे, लाकडी पिंपांत. मोठ्या पिंपाचं नाव टन. त्यात २५२ गॅलन, म्हणजे आजच्या हिशेबानं ९५० लिटरच्या आसपास वाईन मावायची आणि भरल्यावर लाकडासकट वजन हजार किलोच्या वर जायचं. आज आपण वजनाला जो टन म्हणतो तो शब्द या पिंपावरूनच आलेला आहे. एवढं धूड कुणी माडीवर चढवत नाही. ते उतरणीवरून खाली सोडायचं. म्हणून घराखाली दगडी कमानीचं तळघर आहे, अर्धं जमिनीत आणि अर्धं वर, आणि त्याला थेट रस्त्यावरून पायऱ्यांचं स्वतःचं दार आहे. ही दाराची गोष्ट छेदात ठळक दाखवा. माल घरातून जातच नाही. अशी तळघरं वरच्या घरापासून वेगळी भाड्यानंही दिली जायची, कारण वाट वेगळी होती.

दुसरं कारण टिकाऊपणाचं. बाटली आणि बुचाची पद्धत फार पुढची. पिंपातली वाईन वर्षभरात आंबट व्हायला लागे, म्हणून गारवा लागे आणि तो बारा महिने सारखा लागे. जाड दगडी भिंत, वर कमान आणि भोवती माती, एवढ्यानं ते साधतं. विंचेल्सी नावाच्या गावातही याच वाईनच्या व्यापारासाठी बांधलेली अशी कमानी तळघरं मोठ्या संख्येनं टिकून आहेत.

आता हॉल. तो म्हणजे चौक नव्हे. दोन्ही घराच्या मध्यावर येतात, एवढंच साम्य. चौक आभाळाला उघडा असतो, उजेड आणि पाऊस आत घेतो. इंग्रजी हॉलवर छप्पर असतं, पण मधे मजला नसतो, जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकच उंच पोकळी. शेकोटी, जेवण, पाहुणे, नोकरमाणसं सगळं तिथं. आपल्याकडं हॉल म्हटलं की बैठकीची खोली डोळ्यांपुढं येते, ते चित्र पुसूनच काम सुरू करा. माजघरही म्हणू नका. माजघर आतलं, घरच्यांचं. हॉल चारचौघांचा.

पण एक साम्य खरोखर सुंदर आहे. हॉलची पोकळी मधे असल्यामुळं वरच्या मजल्याचे दोन तुकडे पडतात, पुढची झोपायची खोली आणि मागची. त्यांना जोडायला हॉलच्या एका बाजूनं अरुंद लाकडी सज्जा जातो. चौकाभोवती माडी फिरते त्या वाड्यांत सज्जा हेच काम करतो. तुमच्या वाड्यात मागं माडी नाही, म्हणून तिथं हे दिसणार नाही. फलकावर दुसऱ्या एखाद्या वाड्याचा छोटा छेद कोपऱ्यात टाकता आला तर पाहा.

मोजमाप करताना:

पहिल्यांदा पाण्याच्या नळीनं पूर्ण घरभर एक समपातळी रेघ मारून घ्या, ओट्यापासून परसापर्यंत, कंबरेच्या उंचीवर. मग प्रत्येक ठिकाणची जमीन त्या रेघेखाली किती आहे ते लिहा. जुन्या घरात पुढची आणि मागची जमीन एका पातळीत आहे असं गृहीत धरलं की छेद तिथंच चुकतो. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, काटकोन कुठंच नसतो. भिंतीची जाडी दार-खिडकीच्या जागी, खाली आणि वर दोन्हीकडं घ्या. खांबांना दोन बाजूंनी ओळंबा लावा आणि झुकाव इंचात लिहा. मजल्याची जाडी जिन्याच्या तोंडाशी मोजता येते, तिथं कडी (मजला पेलणारं आडवं लाकूड), पाट आणि वरचा मातीचा थर तिन्ही दिसतात.

मापं मीटरमध्ये घेतली तरी शेजारी फूट-इंच लिहा. इंग्लंडमधल्या जुन्या शहरांत भूखंड बऱ्याचदा साडेसोळा फुटांच्या पर्च या मापात पाडलेले असत. आपल्याकडं खण (दोन खांबांमधला गाळा) हातावर ठरे. अठरा इंचांचा हात धरून तुमच्या खणांची मापं तपासा. सरळ आकडा आला तर सुताराचं मूळ माप सापडलं.

रंधा

सांध्याचा नमुना करणार हे फार चांगलं. लोक लाकूड हातात घेतात तेव्हाच त्यांना कळतं की ही घरं खिळ्यांशिवाय कशी उभी राहतात.

नमुना निम्म्या मापात करा. पूर्ण मापाचा तुकडा दोघांना उचलत नाही. खाली दिलेली मापं पूर्ण आकाराची आहेत, ती निम्मी करून घ्या.

खांब ८ इंच चौरस. आडवी तुळई ८ इंच उंच, ६ इंच रुंद. तुळईच्या टोकाला दीड इंच जाडीचं, ४ इंच लांबीचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ. खांबात त्याच मापाची खाच, पण खोली सव्वाचार इंच ठेवा. कुसवाचं टोक खाचेच्या बुडाला टेकलं तर तुळईचा खांदा खांबाला भिडत नाही आणि सांधा कायम सैल दिसतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. खुंटी पाऊण इंच व्यासाची.

खरी करामत भोकांत आहे. खांबातलं भोक खाचेच्या कडेपासून दीड ते दोन इंचांवर पाडतात. मग कुसू आत घालून त्यावर खूण घेतात, कुसू बाहेर काढतात आणि त्यातलं भोक खुणेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडतात. टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते आणि तुळई खांबाकडं घट्ट ओढली जाते. क्लँप नको, सरस नको. सरकवणं जास्त झालं तर खुंटी आत मोडते किंवा कुसवाचं टोक फाटून निघतं. तुम्ही वाळलेला साग वापरणार असाल तर निम्म्या मापाच्या नमुन्याला १ ते दीड मिलिमीटर पुरे.

खुंटी करवतीनं कापू नका. लाकूड कोयत्यानं रेषेत फोडून मग तासा. करवतीनं कापलेल्या खुंटीत रेषा तिरकी निघून जाते आणि ठोकताना ती तिथंच तुटते.

इंग्लंडमध्ये हे काम ओकमध्ये, आणि ओक हिरवा असतानाच करायचे. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. बांधून झाल्यावर घर उभ्या उभ्या वाळतं, लाकूड रुंदीत आणि जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून त्या घरांत पीळ आणि वाक दिसतो. तो दोष म्हणून फलकावर लिहू नका. ओकमध्ये टॅनिन भरपूर, त्यामुळं लोखंडी खिळा ठोकला की भोवती काळा डाग पडतो आणि ओलीत खिळा गंजत जातो. लाकडी खुंटीला हा त्रास नाही.

सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर पूर्ण जुळवायचे, मग सोडवून जागेवर नेऊन उभा करायचे. प्रत्येक कुसू फक्त आपल्याच खाचेत बसे, म्हणून जोडीला सारखा आकडा कोरायचे, रोमन पद्धतीचा. त्यात चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहीत. रोमन चार आणि सहा यांच्या खुणा त्याच, फक्त उलट क्रमानं, आणि लाकूड उलटं धरलं की एकाचं दुसरं वाचलं जातं. हे नमुन्यावर कोरून दाखवा, मुलांना फार आवडेल.

तिथल्या लाकडी घरांत माडीचा भाग रस्त्यावर पुढं काढलेला असतो, बहुतेक घरांत दीड-दोन फूट. जागा वाढते, खालच्या भिंतीवर पाऊस येत नाही हे तर आहेच. पण सुताराच्या दृष्टीनं मोठा फायदा वेगळा. कड्यांची टोकं पुढं निघालेली असतात आणि त्यांच्यावर वरच्या भिंतीचं वजन बसतं, त्यामुळं खोलीच्या मध्यावर कड्या खाली झोळ खात नाहीत. त्या काळच्या कड्या आडव्या घालत, रुंद बाजू खाली. आजचा इंजिनिअर हे उलटं करेल, पण सांधा घालायला आणि पुढं काढायला ती रुंदी उपयोगी पडे. चित्रात कडी उभी काढाल तर चूक ठरेल.

लाकडी घरांच्या चौकटीतल्या भिंती म्हणजे आपला कुडच. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणलेल्या, वर माती, शेण आणि गवत किंवा केस मिसळून केलेलं लिंपण, शेवटी चुना. आपल्याकडच्या बघणाऱ्याला हे एका शब्दात समजेल. मात्र साउथहॅम्प्टनच्या या घराचा मुख्य भाग चुनखडी दगडाचा आहे, लाकडी आहे ती पुढची बाजू. सगळं घर लाकडी दाखवू नका.

हरिपूरकर

तळघरावरून एक सुचवावंसं वाटतं. सांगलीच्या फलकावर हळदीचं पेव, म्हणजे माल साठवायचा जमिनीतला खड्डा, हवंच. व्यापाऱ्याचं घर मालाभोवती असतं असं वर ओळंबा यांनी लिहिलंय, पण सांगलीत मोठा माल घरात नसायचाच. तो सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली असायचा. पेढीवर वायदा आणि वह्या, माल नदीकाठच्या पेवात. तेव्हा तुमच्या वाड्यात तळघर नाही म्हणून छेद अपुरा समजू नका. छेदाची रेघ थेट हरिपूरपर्यंत नेऊन शेवटी पेव काढा.

दोन्हींचं तत्त्व वेगळं आहे, तेही लिहा. वाईनच्या तळघराला दार, पायऱ्या, येजा. तिथं काम गारव्याचं. पेवाचं काम हवा बंद करण्याचं. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. आत हळद भरून तोंड पाल्यानं आणि मातीनं लिंपून टाकलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड मरते. हरिपूरची माती घट्ट, आतून ढासळत नाही आणि पाणी सहज झिरपू देत नाही, म्हणून इथंच हे जमलं. पण पुराचं पाणी वरून तोंडावर चढलं की काही चालत नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली.

पेवाचं माप घ्यायला कुणी आत उतरणार असेल तर आधी तोंड उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्या, पंखा लावून हवा आत सोडा. कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो, त्याला वास नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण कंदील तेवत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. वर दोन माणसं आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरूच नये. माप वरून टेपला वजन बांधूनही घेता येतं, प्रदर्शनासाठी तेवढं पुरतं.

गावभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पेवाची कल्पना लगेच घेतली. साउथहॅम्प्टनच्या घराची पुढची बाजू काळी-पांढरी रंगवायची असं ठरत होतं, ते योग्य आहे का? आणि भिंतीबद्दल अजून सांगा. गिलावा जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत फुगलाय, वर पांढरी पूड येते. आतले दोन खांब बुडाशी मऊ लागतात. चौकात पूर्वी शहाबादी होती, तिच्यावरच नवी फरशी बसवलेली आहे.

मिरज बांधकाम

गिलावा खरवडून काढा, वॉटरप्रूफिंग पावडर घालून १:४ सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत करा, वर ऑइलपेंटचा पट्टा मारा. ओल दिसणार नाही. खांबाच्या बुडाला काँक्रीटचा चौथरा करून घ्या म्हणजे पुढच्या पुरात भिजणार नाही.

चुन्याची घाणी

मिरज बांधकाम यांचा सल्ला आरसीसी घराला चालेल. या भिंतीला आणि या खांबांना तो घातक आहे, कृपया करू नका. कारण सांगतो.

दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढत राहते. ती थांबवता येत नाही. ती बाहेर पडू द्यायची असते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. सिमेंट लावलं की ओल तिथं अडते आणि अजून वर चढते, आज साडेतीन फुटांवर आहे ती सिमेंटच्या पट्ट्याच्या वर पाच फुटांवर निघेल. तिथं भेंडे सुरू होतात. भेंडा आतून भिजत राहिला की त्याचा पुन्हा चिखल होतो आणि वरचा भार खाली येतो. बाहेरून सिमेंट गुळगुळीत दिसतं, म्हणून कुणाला कळतही नाही.

काँक्रीटच्या चौथऱ्याचंही तसंच. लाकूड त्यात पुरलं की पाणी बुडाशी साठतं आणि सुकायला वाट उरत नाही.

इंग्लंडमध्ये ही चूक विसाव्या शतकात गावोगाव झाली. लाकडी चौकटीच्या घरांना सिमेंटचा गिलावा दिला, चिरेतून पाणी आत गेलं ते बाहेर पडेना, आणि पायथ्याची आडवी तुळई आतल्या आत कुजली. आता तिथले जाणकार सिमेंट उकरून पुन्हा चुना लावतात. तिथं अजून एक गोष्ट घडते, रस्त्याची पातळी शतकानुशतकं वाढत जाते आणि जी तुळई जमिनीच्या वर होती ती जमिनीला टेकते. तुमच्या वाड्यात नेमकं हेच झालेलं दिसतंय. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, लाकूड जमिनीला लागू नये म्हणून. शहाबादीवर फरशी चढवली की तळखडा गाडला जातो आणि खांबाचं बूड फरशीच्या पातळीला किंवा खाली येतं. धुण्याचं पाणी रोज तिथं मुरतं. खांब पुरानं कमी आणि फरशीनं जास्त कुजला असण्याची शक्यता आहे.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक खांबाभोवती सहा-सहा इंच फरशी कापून तळखडा मोकळा करा. काही दिवस तसाच उघडा ठेवा. मग टोच्यानं चहूबाजूंनी टोचून बघा, किती आत जातो ते खांबाच्या चित्रावर लिहा. पाव इंच गेला तर बहुधा वरवरचं आहे. इंचभर गेला तर आत बघावं लागेल. हातोडीच्या दांड्यानं वाजवत वर जा, पोकळ आवाज जिथं संपतो तिथं खडूची खूण करा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, त्याचा उपाय आधी.

खांबाचं बूड बदलायचं असेल तर पूर्ण खांब काढायची गरज नसते. कुजका भाग संपून निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि सागाचाच जुना, वाळलेला तुकडा तिरक्या लांब सांध्यानं जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी, सहा इंची खांबाला दीड फूट. त्यापूर्वी वरच्या तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी धिरे द्यावे लागतात, जॅकवर, खाली जाड फळी टाकून. जॅक फक्त भार घेण्यापुरता फिरवायचा. शंभर वर्षांत खाली बसलेलं घर एका दिवसात वर उचलायला गेलं की वरच्या खणाचा गिलावा फुटतो, सांधे निखळतात. एका वेळी एकच खांब. आणि हे काम वाड्यांची सवय असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. वरची माडी तोवर रिकामी ठेवा.

आता भिंत. पांढरी पूड म्हणजे लोणा, भिंतीतले क्षार. कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्यानं धुतलं तर ते विरघळून परत आत जातात. फुगलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाऊन काढा, सांधे इंचभर खरवडा आणि भिंत उघडी ठेवून सुकू द्या. जाड भिंतीला इंचाला महिना असा इंग्लंडमध्ये ढोबळ हिशेब धरतात. आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकेल, तरी एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. पावसाळ्याच्या तोंडावर गिलावा उरकायची घाई करू नका.

चुना कळीचा आणून विरवायचा, चाळायचा आणि पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवायचा. न विरलेले खडे राहिले तर ते गिलाव्यात नंतर फुलतात आणि पापुद्रे उडतात. विरवताना चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. प्रमाण मापानं एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरबरीत वाळू. जमिनीलगतच्या भागात वाळूपैकी एक भाग काढून त्याजागी सुरखी (विटेची भुकटी) घाला, ओलीत ती घट्ट धरते. सुरखी मात्र नीट भाजलेल्या विटेची हवी, कच्च्या विटेची भुकटी म्हणजे नुसती माती. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. पहिला थर घट्ट झाला, पण नखानं ओरखडा उठतोय, अशा वेळी दुसरा. आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा. कडक उन्हात चुना नुसता वाळला तर धरत नाही, हात फिरवला की भुसा हाताला येतो. शेवटी चुन्याचाच हात. वर ऑइलपेंट मारला तर एवढं सगळं करून भिंतीचं तोंड पुन्हा बंद.

एक मोठी अडचण उरते, ती म्हणजे बाहेरचा रस्ता. डांबराचे थर चढून तो ओट्याच्या बरोबरीला आला असेल तर पावसाचं पाणी भिंतीच्या मुळाशीच थांबणार. भिंतीलगत फूटभर रुंदीची उघडी नाली, बाहेरच्या बाजूला उतार. याशिवाय बाकीचं टिकणार नाही.

रंधा

वरच्या उत्तरात माझ्याकडून भर घालण्यासारखं काही नाही, सगळं बरोबर आहे. फक्त रंगाचं सांगतो. काळं लाकूड आणि पांढरी भिंत हे रूप पुष्कळ ठिकाणी एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. जुना ओक बहुधा तसाच सोडत, तो रुपेरी करडा होतो, किंवा लाकूड आणि भिंत दोन्हींवर सरसकट चुना फिरवत. चुन्यात गेरू किंवा पिवळी माती मिसळत. तुमच्या चित्रात लाकूड करडं ठेवा.

मोडीवाचक

काळ कसा ठरवतात तेही फलकावर हवं, नाहीतर १२९० आणि आपल्या वाड्याचं वय हे नुसते आकडे राहतात.

ओकच्या घरांना तिथं झाडाची वलयं मोजतात. तुळईतून पेन्सिलएवढी जाड नळी काढून वलयांच्या रुंदीचा क्रम ठरलेल्या तक्त्याशी जुळवतात. पन्नासच्या खाली वलयं असतील तर जुळणी भरवशाची होत नाही. साल शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं इथपर्यंत सांगता येतं, आणि ओक हिरवाच वापरत असल्यामुळं घर त्यानंतर लगेचच बांधलं असं धरता येतं. एसेक्समधल्या कॉगशॉल गावी पेकॉक या कापड व्यापाऱ्यांचं घर आहे. त्याचा पुढचा भाग १५०९ च्या लाकडाचा निघाला. त्याच्या दर्शनी तुळईवर टॉमस पेकॉकची आद्याक्षरं कोरलेली आहेत. पुढं त्याच घराची लहान लहान बिऱ्हाडं झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दुरुस्त झालं आणि १९२४ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं. या घरात गाडी आत नेण्याचा मोठा दरवाजाही आहे. तुमच्या दिंडी दरवाजाशेजारी त्याचं चित्र शोभेल.

दुसरी खूण काजळीची. छपराच्या आतल्या लाकडांवर काजळीचा जाड थर असेल तर खाली एकेकाळी उघडी शेकोटी होती. सोळाव्या-सतराव्या शतकात धुराडी आली, हॉलमध्ये मजला घातला गेला आणि ती लाकडं माळ्यावर लपली, काजळीसकट. नंतरच्या घरांत बुजवलेल्या खिडक्या दिसतात. तिथं १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. पण प्रत्येक बुजवलेली खिडकी करामुळंच असं मानू नये, काही मुळातच नक्षीसाठी आंधळ्या ठेवलेल्या असतात.

सांगलीच्या वाड्याला हे तंत्र लागू करण्यापेक्षा कागद बघा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेहून वेगळं होऊन १८०१ मध्ये सांगलीला राजधानी केली, व्यापारी पेठा त्यानंतर वाढल्या. त्यापूर्वी हे लहान गाव होतं. म्हणून पेढीचा वाडा त्याच्याही आधीचा असल्याचं कुणी सांगितलं तर पुरावा मागा. सिटी सर्व्हेचा उतारा, वाटणीपत्र, गहाणखत आणि पेढीच्या वह्या, या क्रमानं शोधा. वाटणीपत्रात खणांची संख्या लिहिलेली असते, ती आजच्या मोजणीशी ताडून पाहिली की कोणता भाग नंतर वाढवला ते बाहेर येतं. मोडी येत नसेल तरी आकडे ओळखायला लवकर जमतात.

आणि इंग्रजी व्यापाऱ्याचा पैसा कुठून आला, हे फलकावर लिहायला विसरू नका. हल या बंदराच्या शहरात १६६० च्या सुमारास ह्यू लिस्टर या व्यापाऱ्यानं बांधलेलं विटांचं घर आहे, मागची बाग थेट नदीच्या धक्क्याला लागलेली. विल्यम विल्बरफोर्स १७५९ मध्ये याच घरात जन्मले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत लढले ते. ब्रिस्टलमध्ये जॉन पिनी या साखरेच्या व्यापाऱ्याचं १७९० च्या सुमाराचं घर आहे. त्याचे मळे कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर होते, गुलामांच्या श्रमावर चाललेले, आणि पेरो नावाचा एक गुलाम नोकर म्हणून या घरात राहत होता. दोन्ही घरं आता संग्रहालयं आहेत. नक्षीदार जिना दाखवताना हे गाळलं तर घराची अर्धी हकीकत गेली.

गावभागकर

रस्ता खरंच ओट्याच्या बरोबरीला आलाय. नालीचं आधी बघतो, मग खांबांभोवतीची फरशी. शेवटचा प्रश्न ओळंबा यांना: छेदाची रेघ घराच्या मध्यातून घ्यायची का? मध्यातून घेतली तर बोळ आणि जिना दोन्ही सुटतात.

ओळंबा

मध्यातून नको. दोन्ही घरांत रेघ मोडती घ्या. साउथहॅम्प्टनच्या घरात ती तळघराच्या दारातून आणि पायऱ्यांतून सुरू करा, दुकानातून हॉलमध्ये आणा आणि सज्जा दिसेल अशा बाजूला बघत मागच्या खोलीपर्यंत न्या. दुकानाच्या शेजारून आत जाणारी चिंचोळी वाट मागच्या बाजूला ठिपक्यांनी दाखवा. वाड्यात ओट्याच्या पायरीतून, पेढीच्या गादीवरून, चौकाच्या मोरीतून आणि माजघराच्या उंबऱ्यातून. जिथं रेघ मोडते तिथं आराखड्यावर बाण काढा, नाहीतर बघणाऱ्याला भिंती जुळत नाहीत.

१:५० ला ७४ फुटांचा वाडा कागदावर ४५ सेंटिमीटर भरेल. हरिपूरचं पेव त्याच कागदावर काढायचं तर मधे तुटक रेघ द्या आणि प्रमाण तेच ठेवा. दोन्ही फलकांवर जमिनीची रेघ एकाच उंचीवर येऊ द्या, म्हणजे एका बाजूला पिंपाचं तळघर आणि दुसऱ्या बाजूला हळदीचं पेव एका ओळीत जमिनीखाली दिसेल. वाड्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण जिथं आहे ती पातळी निळ्या रेघेनं आरपार ओढा. तळखडे त्या रेघेखाली येतात, ते नीट मोठे काढा.